काळ्या बॉनेटवरचं जाळं

काल बदलापुरात गाडी धुऊन घेताना शेजारच्या शेडमधून गाडीचा रंग घासून चकाकवायच्या रबिंग कंपाउंडचा वास आला, रॉकेलात भिजलेल्या खडूसारखा, आणि मला नव्वदच्या आसपासचं कॅम्प दोन या सिंधी वस्तीतलं आमचं गॅरेज आठवलं.

तिथे आम्ही दोघंच रंगारी. दामूअण्णा हाताने पॉलिश करायचे. नवीन आलेल्या मशीनला ते शिवतसुद्धा नसत. ते मी चालवायचो.

त्या सकाळी मशीनचा बफ, घासायची लोकरीची गोल गादी, माझ्या हातून वाळूत पडला. मी तो झटकून तसाच लावला. काळी फियाट ट्यूबलाइटखाली आरशासारखी दिसली. उन्हात काढली तर बॉनेटभर गोल गोल ओरखडे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. दुपारी याच गाडीतून गाडीमालकाच्या मुलीची पाठवणी होती.

"ये किसने किया?" मालक ओरडला. मी मशीनची वायर गुंडाळायला लागलो.

"मशीन का काम है, सेठ," दामूअण्णा म्हणाले. "मैं हाथ से निकाल देता हूं."

जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यावर बारीक कंपाउंड घेऊन ते सरळ रेषेत, पुढून मागे घासत राहिले. जाळं हळूहळू विरलं. गाडी वेळेवर गेली.

दामूअण्णांना वाळूचं काही कळलं नाही, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. काल शेडमधल्या कारागिराने ओला बफ खिळ्याला अडकवला, तेव्हा आठवलं. त्या संध्याकाळी आमच्याही खिळ्याला बफ टांगलेला होता, स्वच्छ धुतलेला, पाणी ठिबकत असलेला.

मी तो धुतला नव्हता.