फिलू डॉक्टरांचा पालथा पेला

राजोडीच्या दवाखान्यात फिलू डॉक्टरांच्या टेबलावर काचेचा एक पेला कायम पालथा असायचा. त्यातून पाणी त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. बाई चिंगूस आहे, असं आम्ही खुशाल म्हणायचो. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "हा प्यायचा नाय, बघायचा पेला आहे." पेशंट दुखणं सांगू लागला की दुसरं ठरलेलं वाक्य यायचं, "तोंडाने नको सांगू, अंग दाखव."

आता त्या नाहीत. त्या पेल्याचं काम मी एकदाच पाहिलं, माझ्या भावाच्या हळदीला.

निलेश म्हणजे दगड पचवणारा गडी. हळद लागली आणि दुपारी त्याला सणसणून ताप भरला. डोकं ठणकत होतं, उलट्या झाल्या, उजेड सोसेना. पोटावर, पायांवर लालसर ठिपके उठले. डीजेने डोकं उठलं आणि हळद बाधली, असं घरभर निदान होऊन गेलं. मला मात्र धीर निघेना. मी डॉक्टरांना घेऊन आले.

त्यांनी ओल्या फडक्याने त्याच्या पोटावरची हळद पुसली. मान वाकवून पाहिली, ती वाकेना. मग पिशवीतून पेला काढून ठिपक्यांवर दाबला आणि मला जवळ ओढलं.

"बघ. हळद बाधली असती तर दाबल्यावर डाग फिके पडले असते. हे हलत नाहीत. कातडीखाली रक्त उतरलंय. मेनिंगोकॉकस असणार, मेंदूज्वराचा जंतू. धडधाकट माणसाला दिवसात संपवतो तो."

बोलता बोलता त्यांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन भरलं. "तपासण्या हॉस्पिटलात होतील. औषध आत्ताच."

अँब्युलन्स आली, तर आत्या दारात आडवी. आत्या म्हणजे आमचं सुप्रीम कोर्ट. "हळद लागलेला नवरा वेस ओलांडत नाय! कोनी नेला असा कधी?"

"मावशी, लग्न परत लागेल," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "पोर परत नाय मिळणार."

आत्या बाजूला झाली. निघण्याआधी डॉक्टरांनी घरातल्या आम्हा सगळ्यांना लागण टाळायचं औषध लिहून दिलं.

निलेश वाचला. रक्त न पोचून डाव्या पायाची दोन बोटं मात्र गेली. त्या पहिल्या इंजेक्शनाने जीव राखला, असं हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले. भरल्या मांडवात सगळ्यांना दिसलेले ठिपके पाहिले एकट्या त्यांनी.

पुढे लग्न पुन्हा ठरलं. आमच्यात पहिली हळद सवाष्ण लावते. तरुणपणीच विधवा झालेल्या डॉक्टर मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. आत्या हळदीची वाटी घेऊन सगळ्या सवाष्णी ओलांडत थेट त्यांच्यापाशी गेली.

"पयली हळद तू लाव, बाय."

डॉक्टर उठल्या. आधी त्यांनी निलेशच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग हळद लावली.