उरलेल्या सळया

माझ्या मोठ्या बहिणीच्या घराचा स्लॅब मीच टाकला. तिला मी बाई म्हणतो. चामोर्शीकडं आमची दोघांची गावं लागूनच. भाऊजी तलावावर मासोळी धरतात, मी मिस्त्रीकाम करतो. तिच्याकडून मजुरी घेतली नाही, हे मी वर्षानुवर्षं ज्याला त्याला ऐकवलं. एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नाही. सळई सहा-सहा इंचावर बांधायची असते, मी फूट-फूटभर अंतर सोडलं होतं. मला माझ्या घरापुढं पडवी काढायची होती ना! काँक्रीट पडलं की आत काय आहे ते कोण बघतो? झाकली मूठ सव्वा लाखाची.

"बाई, एवढ्या सळया उरल्या," म्हणालो.

"मंग ने नं तुले. माह्या काय कामाच्या?" म्हणाली, आणि स्वतः एक टोक धरून माझ्या गाडीत चढवू लागली. दुसरं टोक मी धरलं.

यंदा तिनं छतावर सोलर बसवायचं ठरवलं. सकाळची मासोळी दुपारपर्यंत टिकत नाही, म्हणून तिला डीप फ्रीजर घ्यायचा होता, आणि तो चालवायला सोलर हवं होतं. तिचा फोन आला, "छत तपासाले गडचिरोलीहून इंजिनिअर येऊन राह्यली. तू ये, तुले समजते त्यातलं." टाळावंसं वाटलं. तरी गेलो. नसतो गेलो तर बाईला संशय आला असता, असं वाटलं. तिला कसला संशय येणार होता, कप्पाळ!

इंजिनिअर म्हणजे तिशीतली पोरगी. स्टुलावर चढून तिनं हातातलं एक मशीन छताला खालून टेकवलं आणि हळूहळू सरकवलं. आत सळई लागली की ते टूं करायचं. टूं. मग कितीतरी वेळ काही नाही. मग पुन्हा टूं. टूं झालं की ती खडूनं रेघ मारायची. माझी चोरी डोक्यावर पांढऱ्या रेघांनी लिहिली जात होती आणि बाई तिच्यासाठी चहा गाळत होती.

"सळई फार कमी आहे, बाई," पोरगी खाली उतरून म्हणाली. "पॅनेलचं वजन नि वारा हे छत झेलणार नाही. वाळवणं, गर्दी, काहीच नको वर. मिस्त्री कोण होता?"

"हा काय, माहा भाऊ," बाई कौतुकानं म्हणाली.

मी भडकलो. दुसरं काय करणार होतो? "मशीन बिघडलं हाय तुमचं! चार बुकं शिकल्या अन् आम्हाले अक्कल शिकवून राह्यल्या काय?" चोराच्या उलट्या बोंबा.

बाईनं सोलरचे कागद तिच्या हातात परत दिले. "माह्या भावावर आळ घेता? नाई पाहिजे मले तुमचं सोलर." पोरगी बिचारी चहा तसाच ठेवून निघून गेली.

पुढचे चार दिवस मी कामावर गेलो, पोटभर जेवलो, लोकांत हसलोसुद्धा. भीती होती ती बाईच्या मनातून उतरायची. छत तिच्या डोक्यावर येईल याची नव्हती, हे सांगतानाही माझी मान वर होत नाही.

पाचव्या दिवशी तिच्या घरावरून चाललो होतो. छतभर ओलं धान पसरलेलं, कडेला भरलेली पोती, बाई पायानं धान फिरवून राह्यलेली, आणि तिची चार वर्षांची नात त्यात उड्या मारत होती.

"बाई, खाली उतर! पोरीले घेऊन उतर आधी!"

"काऊन रे? मशीन खराब हाय म्हणून तूच तं बोंबलला ना?"

रस्त्यावरची माणसं थांबली. शेजारीण दारात आली. आता कोण ऐकतंय याची पर्वा उरली नव्हती.

"मशीन बरोबर होतं, बाई. सळया उरल्या नव्हत्या. मीच काढून नेल्या होत्या."

बाई नातीला कडेवर घेऊन शिडीपाशी आली. मी धावत शिडीखाली गेलो आणि पोरीला घ्यायला दोन्ही हात वर केले.

बाईनं माझ्या हातांकडं पाहिलं. मग माझ्यावरून पलीकडं बघत शेजारणीला हाक मारली, "इकडं ये वं जराशी. पोरीले धर."