बाटली मी आणली होती

आमच्याकडे लग्नकार्यात जेवणे आटोपत आली की माझा पुतण्या एक गोष्ट रंगवून सांगतो. काकूने अडाणीपणाने काकांना टॉनिक पाजले आणि काका पोट फाडून घेता घेता वाचले, अशी ती गोष्ट. सगळे हसतात. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. खाटेवर मी होतो.

टॉनिक मी आणले. हिवतापाने अंगातली शक्ती गेली होती, रेल्वेच्या कामावर उभे राहवत नव्हते, म्हणून दौंडच्या बाजारातून लोहाच्या टॉनिकच्या दोन बाटल्या मीच घेतल्या. एक गावी, न्हावऱ्याला, पत्नीसाठी धाडली. ती बाळंतपणाने खंगली होती.

पुढे पोट दुखू लागले आणि मी दौंडच्या एका इस्पितळात दाखल झालो. डॉक्टरांनी विचारले, "बाहेरचे काही औषध घेता?" मी नाही म्हणालो. आजही तेच म्हणेन. आमच्या घरी ती बाटली गूळ-तुपाच्या फळीवर असे. ताकदीच्या वस्तूला कोणी औषध मानीत नसे.

शौचास काळे होऊ लागले. डॉक्टर नर्सशी इंग्रजीत बोलले. रेल्वेत शिकलेल्या इंग्रजीच्या बळावर मला 'ब्लीडिंग', 'ऑपरेशन' आणि 'पुणे' एवढेच कळले.

"साहेब, मला झालंय काय?"

"बोलू नका. पडून राहा."

जेवण बंद, फक्त थंड दूध. भेटीलाही मनाई. भिंतीकडे तोंड करून मी यार्डातल्या इंजिनांचे आवाज ऐकत पडे. आपण आता उठत नाही अशी खात्री झाली होती, आणि तेवढे सांगायलाही जवळ कोणी नव्हते. अशक्तपणा वाढे तसा खाटेखालच्या पिशवीतल्या बाटलीतून एक चमचा अधिक घेई.

पुण्याला हलवण्यासाठी घरच्यांची संमती हवी म्हणून पत्नीला बोलावले. तान्ह्याला कडेवर घेऊन ती एस्टीने आली आणि पदर ओढून खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

"पोटात रक्त जातंय," डॉक्टर म्हणाले, "परसाकडे काळं होतंय."

पुरुषांनी भरलेल्या त्या वॉर्डात ती म्हणाली, "काळं तर माझंबी व्हतंय. मंग मलाबी पुण्याला न्या."

"तुम्ही काय घेता?"

तिने वाकून खाटेखालच्या पिशवीतली माझी बाटली काढली. "ह्येच. ताकदीचं."

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. पुतण्याच्या गोष्टीत ते तिच्यावर ओरडतात. ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "ही आणली कुणी?"

"म्या," ती म्हणाली.

"मी आणली," मी म्हणालो.

"तुम्ही गप पडा! बोलू नका म्हनून सांगितलंय न्हवं?"

सगळा वॉर्ड हसला, डॉक्टरही हसले. काळे होत होते ते टॉनिकातल्या लोहाने, रक्ताने नव्हे. बाटली बंद झाली, काळे व्हायचे थांबले, पुणे टळले. हसणाऱ्यांनी मात्र तिचेच उत्तर न्हावऱ्यापर्यंत पोचवले. तिने ते कधी खोडले नाही, आणि मी खोडू लागलो की डोळ्यांनी मला बसवी.

आता मला बसवणारी राहिली नाही. म्हणून प्रत्येक पंगतीत मी उठून सांगतो: बाटली मी आणली होती.

"बरं, आबा," म्हणतात, आणि पत्रावळी उचलू लागतात.