पाळकांचा जबाब

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हा चाकूरजवळच्या एका गावात नर्स म्हणून माझी पहिली नेमणूक झाली. मी हदगावकडची, नांदेडला शिकलेली, तेवीस वर्षांची. त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस हुकला होता. टँकर यायचा, सगळं पाणी विहिरीत सोडून जायचा, आणि मग काठावर मारामारी व्हायची. पोहऱ्यानं फुटलेली डोकी बांधणं हेच माझं पहिल्या महिन्याचं काम होतं. एकदा दोन सख्ख्या जावांना मी एकाच बाकावर बसवून टाके घातले. टाके घालून घेतानाही त्या एकमेकींना शिव्या देत होत्या.

मग त्याच पाण्यातून हगवण-उलटी आली. दोन दिवसांत तीन माणसं गेली. चाकूरहून डॉक्टर जीप घेऊन आले, सलाईनची खोकी उतरवली, म्हणाले, "शाळा ताब्यात घ्या, सगळे पेशंट एका जागी ठेवा." पण गावातल्या मोठ्या माणसांनी शाळेची किल्ली दिली नाही. सगळ्या जातींचे लोक एका खोलीत निजणार, हे त्यांना चालणार नव्हतं.

गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची तीसेक घरांची वस्ती होती. तिथले पाळक दुपारी माझ्याकडे आले. पन्नाशीचे, काळेसावळे, किडकिडीत, धोतर आणि वर शर्ट. पाळक होण्याआधी ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते.

"सिस्टर, आमचं प्रार्थनेचं घर हाय. पत्र्याचं हाय, पण लांबरुंद हाय. चालंल का?"

मी म्हटलं, "पळेल."

त्यांनी वस्तीतून बाजा गोळा केल्या आणि विळ्यानं प्रत्येकीची सुतळी मधोमध कापून भोक पाडलं. खाली बादली. माणसाला उठायची गरज नाही. आढ्याला दोरी बांधून बाटल्या टांगल्या. त्यांचा हात इतका हलका होता की मला शीर सापडत नसे तिथं ते सुई घालत. घाण स्वतः उचलत, लांब खड्ड्यात टाकून वर चुना मारत. जीव जायची वेळ आली तेव्हा शाळेची किल्ली न देणाऱ्यांच्या घरचेही त्या बाजांवर येऊन निजले.

पाचव्या दिवशी मी विहिरीत जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकली. बादली पाळकांनी उचलून आणली होती, पण कालवली मी, ओतली मी. पाण्याला उग्र वास आला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली दोन लेकरं गेली. ती आधीपासून आजारी होती. घरच्यांनी आणली नव्हती. पण गावात एकच बोललं जाऊ लागलं, पाद्र्यानं पाण्यात विष कालवलं, सगळ्यांना बाटवायला बघतोय.

भर दुपारी वीस-पंचवीस माणसं चालून आली. काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे, एकाच्या हातात दोरीला बांधलेला लोखंडी पोहरा. मी दारात उभी होते. पुढचा ओरडला, "पावडर कुणी टाकली?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात पाळकांनी मला खांद्याला धरून असं मागं ढकललं की मी भिंतीवर आदळले. "मी टाकली," ते म्हणाले. "दवा हाय ती. मी पेऊन दावतो."

पुढं त्यांना बोलू दिलं नाही. पोहरा फिरला आणि त्यांच्या कानावर बसला. भोपळा फुटल्यासारखा आवाज झाला. ते पडले, तसे लाथा सुरू झाल्या. बाकीचे आत घुसले. बाटल्यांवर काठ्या बसल्या, काचा पाऊस पडावा तशा पेशंटांच्या अंगावर पडल्या. पेशंटांचे नातेवाईक त्यांना उचलून पळाले, हातातल्या सुया तशाच. लिंगायत वाण्यांच्या गल्लीतली एक एकटी म्हातारी होती, तिला उचलायला कुणी नव्हतं. तिची बाज कुणीतरी पायानं उलथवली. ती बादलीवर तोंडावर पडली. मी तिच्याकडं सरपटत गेले. माझ्या पाठीत दांडा बसला, त्याचा वळ पुढं महिनाभर होता.

म्हातारी दिवस मावळायच्या आत गेली.

पोलीस आले. मी फौजदारांना आठ नावं सांगितली. कोण पुढं होतं, पोहरा कुणाचा, बाज कुणी उलथवली, सगळं. सही केली. मग ते पाळकांकडं गेले. त्यांच्या डोक्याला माझ्याच हातचं बँडेज होतं, रक्त अजून पाझरत होतं.

"कोणी मारलं?"

"कोणी न्हाई साहेब. पायरीवरून घसरलो."

"आणि बाटल्या?"

"वाऱ्यानं पडल्या."

पानही हलत नव्हतं त्या दिवशी. फौजदारांनी माझ्याकडं पाहिलं आणि वही मिटली. वस्तीतला एकही माणूस माझ्या बाजूनं बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पाळक पुन्हा बाजा बांधत होते. एका कानानं ऐकू येत नव्हतं, चालताना तोल जात होता. ज्यांनी मारलं त्यांच्याच घरची माणसं पुन्हा येऊन निजली, आणि ते त्यांची घाण काढत राहिले. साथ बारा दिवसांनी ओसरली. तेवढे दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. मग माझी बदली अर्धापूरकडं झाली, खोटी तक्रार करणारी नर्स असा शेरा घेऊन. पुढं कितीतरी लोकांनी मला त्या पाळकांची गोष्ट कौतुकानं सांगितली, मारणाऱ्यांना माफ करणारा देवमाणूस म्हणून. मी ऐकून घ्यायची. आतून जळायची.

सात-आठ वर्षांनी लातूरच्या स्टँडवर ते दिसले. थकलेले. मला ओळखून स्वतःच आले, ऐकू येणारा कान माझ्याकडं करून बसले. मी जुनं सगळं काढलं. म्हटलं, "तुमच्या माफीनं मी खोटी ठरले."

ते स्वतःच्या हाताकडं पाहत म्हणाले, "माफी-बिफी काही नव्हती सिस्टर. पोलीस यायच्या आधी मारणाऱ्यांतले दोघं येऊन सांगून गेले, नाव घेतलं तर वस्ती पेटवू. पाणी तर त्यांच्याच विहिरीचं. आग इझवायला बी तेच पाणी. लई भ्यालो मी. लोक माफी म्हणतात, मी बी म्हणू देतो. देवाला ठावं हाय."

"मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही दबला नसता. पुन्हा जाऊन जबाब दिला असता."

ते खरं होतं. मी दिला असता, आणि वस्ती जळाली असती की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

"आणि ती म्हातारी?" मी विचारलं.

त्यांना ऐकू आलं होतं. त्यांचा चेहरा कानशिलापर्यंत आक्रसला. "तिला मीच पुरलं," ते म्हणाले. "लिंगायताच्या रीतीनं, बसवून. त्यांच्यातलं कुणी आलं न्हाई. खड्डा बराबर झाला का न्हाई, मला ठावं न्हाई."

उदगीरची गाडी लागली. मी त्यांचा हात धरून त्यांना वर चढवलं, खिडकीजवळ जागा धरून दिली. माझा राग तिथं संपला असं म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून कुणी त्यांच्या माफीचं कौतुक करू लागलं की मी त्याला थांबवते, आणि म्हातारीपासून सुरुवात करते.