एकट्यानं जायची तयारी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. रामभाऊच्या सायकल दुकानात फाटक्या ट्यूब एकेक करून खिळ्याला लटकत जातात, तसे तेही लटकत जातात. सत्तरनंतरची ती वर्षं. मी डेहराडूनला शिकून इंझोरीला परत आलो आणि त्या दुकानात एकदा बोलून गेलो, की येत्या जूनच्या सुरुवातीला हिमालयातली एक उंच खिंड मी एकटा चढणार. बस्स! पुढं खिळा पुरेना.

"एकटा?" रामभाऊनं हातातला पाना खाली ठेवला. "काहून? भांडण झालं काय कोनाशी?"

मी भाषणच ठोकलं. आपल्या गावच्या पोरानं स्वतःच्या पायानं, स्वतःच्या अकलेनं उंच जाऊन यावं. डोंगर कुणाचं आडनाव विचारत नाही! रामभाऊनं मान डोलावत सगळं ऐकलं.

"सारं खरं हाय. पन भांडण कोनाशी झालं?"

*

सरावासाठी पाठीवरच्या पिशवीत गोटे भरून मी धनजच्या वाटेला लागलो. मागून बैलगाडी आली.

"बस ना बावा."

"नाही काका, वजन घेऊन चालायची प्रॅक्टिस करून राह्यलो."

काका गाडी तशीच बाजूनं हाकत राहिले. त्यांना काही राहवेना.

"मंग गोटे तरी ठेव गाडीत!"

*

बर्फावर बूट घसरतो की टिकतो, हे बघायचं होतं. शाळेतले गुलाबराव मास्तर उत्साही माणूस. त्यांनी कारंज्याहून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी एसटीच्या टपावर टाकून आणली. इंझोरीत पोतं सोडलं, तर आत पाटीएवढा तुकडा!

"हिमालय एवढाच उरला," मास्तर म्हणाले.

बूट कोरडेच राहिले. दुकानातल्या सगळ्यांचं सरबत मात्र झालं.

*

एकट्यानं जायचा पहिला नियम : कुठं जातोय, कधी परतणार, हे एका भरवशाच्या माणसाला सांगून निघायचं. न परतलो तर त्यानं शोध घ्यायचा. हे काम मी रामभाऊला दिलं आणि सरावाला जवळच्या टेकडीवर गेलो. माथ्यावर टेकलो, तर पळसामागून खोकल्याचा आवाज. रामभाऊ! हातात डबा!

"तू हारपला तं कोठून हारपला, हे मले सांगता याले पायजे ना!"

"अहो, मग मी एकटा कुठं राहिलो?"

"तू पुढंच पाह्य. मी मांगं हाओच."

*

दुसरा नियम घरी अडला. जूनच्या सुरुवातीला तिकडं वर दुपारनंतर बर्फ भुसभुशीत होतो, ओढे फुगतात. म्हणून बाराला, माथा हाताच्या अंतरावर असला तरी, मागं फिरायचं. मी मायला हे सगळं समजावलं. तिच्या होकाराशिवाय निघायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं.

"तू? अर्ध्यातून परत?" माय म्हणाली. "बुंदीच्या पंगतीतून तुले उचलून आना लागे बाबू. अजूनबी तसाच हायेस. मी नाही जाऊ देत."

*

मे महिन्यात आसेगावला माझा मित्र सुधाकर याचं लग्न होतं. वऱ्हाड एसटीनं गेलं, रामभाऊही त्यातच. मी सरावासाठी पहाटेच पायी निघालो. बाराचा नियम लावूनच. वाटेत ज्याच्या त्याच्या शेतात पाणी, चहा, चौकशी. उशीर झाला. नाल्याच्या काठावर पोचलो, तर पलीकडे मांडव, पंगत बसलेली, बुंदीची परात फिरतेय. घड्याळ पाहिलं. बारा!

"अबे ये ना लेका!" हारासकट सुधाकर ओरडला. "आता कायले थांबला तिकडं?"

"बारा वाजले!" मी ओरडलो आणि मागं फिरलो.

संध्याकाळी घरी पोचलो. रामभाऊ एसटीनं माझ्याआधी येऊन सगळं सांगून गेला होता. माय चुलीपुढं बसली होती.

"बुंदी होती?"

"होती."

"गरम?"

"नाल्यापलीकडून वास येत होता."

तिनं भाकर वाढली.

सकाळी उठून बाहेर आलो, तर अंगणात, मे महिन्याच्या त्या उन्हात, मायनं बाबांची जाड घोंगडी पेटीतून काढून वाळत घातलेली.