गाळ कोठी संपला?

हटवार सर कागद वाचत नसत, त्यावर नेम धरत. लांबलचक कागद टेबलाच्या कडेला तिरपा करायचा, नाक टेकेल इतकं वाकायचं, एक डोळा मिटायचा आणि काळ्या रेघांवरून नजर सोडायची. समोरून न दिसणारा थर असा तिरप्या नजरेला दिसतो. हे मला त्यांनीच शिकवलं. तरीही तो माणूस मला कधी आवडला नाही. खोटं कशाला बोलू!

आमचं ऑफिस भंडाऱ्यात, काम मात्र उत्तरेकडच्या परक्या समुद्राचं. तिथे जहाज पाण्यात आवाज सोडी आणि तळाखालून आलेल्या प्रतिध्वनींच्या रेघा आमच्याकडे येत. खाली हिमयुगातल्या बर्फाने दाबून टणक केलेली गोटेरी माती, वर बर्फ वितळल्यानंतर साचलेला मऊ गाळ. दोन्हींमधली सीमा आम्ही आखायची. तिच्या भरवशावर समुद्रात पवनचक्क्यांचे खांब ठोकले जाणार. सर पवनीच्या विणकर घरातले. म्हणायचे, "तलाव खोदताना पाह्यला का नाही? गाळ कोठी संपला, मुरूम कोठी लागला, येवढंच सांग. बाकी शायनिंग नोको मारू."

मी सानगडीची, नवी, कच्च्या नोकरीवर. कायम व्हायला सरांची सही लागे. पहिल्याच कामात मी टणक थर मोठ्या हौसेने आखला. सरांनी कागदावर नजर टाकली आणि चौघांसमोर ओरडले, "काहून वं, समुद्राचा तळ दोनदा काढून राहिली? वरचा तळ जसा वाकला तसाच हा वाकला, खोलीबी बरोबर दुप्पट. आवाज दोन खेपा मारून आला, थर नाही हा! डोक्शात भुसा भरला का?"

चूक खरी होती. पण भुसा? सहीसाठी गेले तर म्हणाले, "आनखी सहा महिने." सहा महिन्यांनी पुन्हा तेच. मी रडले नाही, पण त्या माणसावर दात ठेवला.

मग एक दिवस त्यांची चूक सापडली. गाळाने भरलेली एक जुनी दरी त्यांनी टणक मातीत धरली होती. मी तीनदा तपासलं. रिपोर्ट निघायला दोन दिवस होते आणि सर पाच पावलांवर चहा पीत बसले होते. उठून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. काम देणाऱ्या बाहेरच्या कंपनीला थेट मेल पाठवला, अगदी नम्र भाषेत. आठवड्याभरात सरांना काढलं आणि मला कायम केलं.

शेवटच्या दिवशी ते पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी आले. "बरोबर पकडलं तू. थे दरीच होय. पन मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मला चौघांत भुसा म्हणालात, सर."

"म्हनलो ना. चौघांतच म्हनलो. तुही एक तरी चूक या दाराच्या भायेर जाऊ देल्ली का मी?"

एकही गेली नव्हती. तरी पाया पडले नाही, राग होताच तेवढा. सहीसाठी त्यांनी मला झुलवलं, तो अन्यायच होता, आजही म्हणते. ते वारल्याचं कळलं तेव्हा पवनीला गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते?

तो रिपोर्ट अचूक गेला. त्यावर माझं एकटीचं नाव आहे. मी तो कुणाला दाखवत नाही.