मावसबहीण

आज बोलायला बसलेय ते आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, लेकीपुढं नाही. किती वेळा जिभेवर आलं — आणि मी चहा टाकायला उठले. तशी मी बोलकी बाई. भालकीच्या बाजारात वांगी घेता घेता तासभर बोलेन, पण इथं आले की दातखीळ बसते. बसू दे. आज सांगतेच.

माझी एक गोष्ट आहे, थोडी गाजलेली. दोन मुली शहरात खोली घेऊन राहतात. त्यातली एक बौद्ध आहे हे घरमालकिणीला कळतं, ती तिला निघ म्हणते — आणि दुसरी मुलगी आपलीही ट्रंक उचलते, 'ती जाणार तर मीही जाणार' म्हणते, आणि दोघी भर दुपारी गल्लीतून निघून जातात. एका मासिकात छापून आली होती. कॉलेजातली पोरं अजून विचारतात, मॅडम, हे खरंच घडलं का? मी म्हणते, हो. किती धीराच्या हो तुम्ही, म्हणतात. मी हसते. आणि बघा, इथपर्यंत आले तरी अजून आडवळण घ्यावंसं वाटायलंय.

ऐंशीनंतरची वर्षं ती. मी राजेश्वर गावची, शेतीवाल्या घरातली. गुलबर्ग्याला मराठीत एम.ए. करायला गेले. तिथं सर्जनशील लेखनाचा एक पेपर होता, आणि आमच्या सरांचा हट्ट असा की गावाकडच्या आठवणी पुरे झाल्या, ज्या शहरात राहताय त्या शहरावर लिहा. ऐकलेलं नको, जगलेलं लिहा. आम्ही आठ-दहा जण, सगळे खेड्यांतून आलेले — आम्हाला कसलं आलंय शहर? बसस्टँड, थिएटर आणि भाड्याची खोली, एवढंच.

सुजाता माझ्या वर्गात होती. भालकीकडच्या एका गावची. तिला खोली मिळेना. दारात उभं राहिलं की आधी नाव, मग गाव, मग आडनाव, आणि मग "बघून सांगतो". या 'बघून सांगतो'वरच सरांना लिहून देणार बघ मी, म्हणायची. शेवटी मीच म्हटलं, माझ्या खोलीवर चल. युक्तीही माझीच — मावसबहीण म्हणून सांगू. मावसबहिणीचं आडनाव वेगळंच असतंय, कोण विचारणार? ती आधी नको म्हणाली. "खोटं कामून बोलायचं गं?" मी तिला वेड्यात काढलं. काय मजा वाटली होती मला त्या युक्तीची!

घरमालकिणीला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का वाईट नव्हती — हे सांगताना कसंतरीच होतं, पण नव्हती. सणाला आम्हाला पानावर बसवायची. सुजाताच्या डोक्याला स्वतः तेल घालून द्यायची. वर्गातही सगळे आम्हाला मावसबहिणीच म्हणायला लागले, चिडवायला. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत असं छान चाललं.

मग एका सकाळी तिचे वडील आले. खांद्यावर ज्वारीच्या पिठाची पिशवी. अक्काला नमस्कार म्हणा, असं लेकीनं बजावून ठेवलं होतं. पण जन्माची सवय हो ती! अक्का हौदापाशी भांडी घासत होती. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, "जय भीम, अक्का." झालं. अक्का भांडी घासतच राहिली. पाहुण्याला पाणी दिलं नाही, एवढंच. तेवढ्यावरून आम्हा सगळ्यांना कळलं. पाणी मीही देऊ शकले असते — माझी घागर भरलेली होती. दिलं का? ते पिशवी ठेवून, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तसेच तहानलेले परत गेले.

मग अक्कानं मला आत बोलावलं. सुजाता दाराच्या पलीकडं, हातभर अंतरावर उभी. अक्का म्हणाली, "मावशीची लेक म्हणालीस न्हवं? खरं सांग, कोण हाय ती तुझी?"

इथं थांबावंसं वाटतं. 'मी गप्प राहिले' असं सांगून मोकळं व्हावं. गप्प बसलेल्या माणसाला लोक समजून घेतात. पण मी गप्प कुठं बसले?

"कुणी न्हाई, अक्का," मी म्हटलं. बरं, तिथं तरी थांबावं — पण मी कुठली थांबतेय! म्हटलं, मावसबहीण म्हण अशी तिनंच गळ घातली. तिची जात मला काय म्हाईत? आणि वर म्हटलं, "मलाबी फसवलं तिनं." हे शेवटचं अक्कानं विचारलंसुद्धा नव्हतं. मी आपणहून दिलं. रडलेही. डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं, आणि अक्कानं पदरानं ते पुसलं.

सुजातानं आपली वळकटी बांधली. माझ्याकडं बघितलं नाही. शहराच्या पार टोकाला तिचे कुणी नातलग होते, त्यांच्या एकुलत्या खोलीत सहा-सात माणसांत जाऊन राहिली. पिठाची पिशवी तेवढी मागं राहिली. विसरली की ठेवून गेली, देव जाणे. अक्काच्या नजरेला पडू नये म्हणून मी ती खाटेखाली ढकलली. आणि मग — सांगू? — स्टोव्हवर त्याच पिठाच्या भाकऱ्या करून खाल्ल्या. पीठ संपेपर्यंत खाल्ल्या. गोड लागल्या.

एवढं झाल्यावर मी ती गोष्ट लिहिली. सरांना जगलेलं हवं होतं ना? शेवट तेवढा बदलला. ट्रंक उचलण्याचं लिहिताना मला भरून आलं, आपण किती चांगल्या आहोत असं वाटायला लागलं. आहे की नाही कमाल? सुजाता वर्गात समोर बसणार हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तरी वाचली, आणि हावभाव करून वाचली.

आमच्या वर्गाची रीत अशी, की वाचून झालं की प्रत्येकानं एक गुण सांगायचा आणि एक दोष. आधी सरांनी विचारलं, हे जगलेलं आहे का? तिच्या देखत मी म्हटलं, हो सर. मग एकेक जण बोलत सुजाताची पाळी आली. तिनं एक वाक्य बोलायचा अवकाश होता, माझी तिथंच शोभा झाली असती. आणि तिला तो हक्क होता की नव्हता?

ती उभी राहिली. म्हणाली, "शेवट लई चांगला केलाय." सर म्हणाले, आणि दोष? तिनं माझ्याकडं बघितलं, खोली सोडल्यापासून पहिल्यांदा.

"दोष न्हाई सांगत, सर. मावसबहीण हाय ती माझी."

सगळा वर्ग हसला. मीही हसले.

त्या पेपराला सुजातानं काहीच लिहून दिलं नाही. तिच्याजवळ लिहायला होतं ते मी लिहून बसले होते. वर्ष पुरं व्हायच्या आत ती एम.ए. सोडून गावी गेली. मी परीक्षा होईपर्यंत अक्काच्याच खोलीत राहिले.